आधी काढून ठेवलेला डबा

मी मुळात भित्री बाई नाही. शाळेत मी व्हरांड्यातून चालायला लागले तरी वर्ग गप्प होतात, आणि बसवकल्याणच्या बसस्टँडवरच्या रिक्षावाल्यांना माझ्याशी भाव करण्यात काही हशील नाही हे कधीच कळून चुकलंय. पण आता मला कोशिंबिरीची भीती वाटते. हसायचं असेल तर हसा. दही, मठ्ठा, चिरून ठेवलेली काकडी, भातावर भुरभुरलेली हिरवीगार कोथिंबीर, कुणीतरी मायेने पुढे केलेला पाण्याचा पेला, यातलं काहीही समोर आलं की मी मागे सरकते. लग्नाची पत्रिका हातात पडली की बाकीच्या बायका कोणती साडी नेसायची ते ठरवतात. मी जेवणातून कसं सुटायचं ते ठरवत बसते.

कारण असं की माझ्या पोटात उजव्या बाजूला माझ्या भावाची किडनी आहे.

अण्णा माझ्याहून मोठा, मुडबीत शेती करतो. माझ्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले तेव्हा हैदराबादच्या एका दवाखान्यात त्याने स्वतःची एक काढून दिली. देताना फार बोलला नाही, तसा तो कधीच बोलत नाही. पण दुसऱ्याचा अवयव शरीराला सहजासहजी खपत नाही, म्हणून जन्मभर गोळ्या घेऊन शरीराची लढायची ताकदच कमी करून ठेवावी लागते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या हैदराबादी हिंदीत समजावलं होतं. घर राखायला कुत्रं पाळलंय, पण ते घरात आलेल्या नव्या पाहुण्यालाच चावायला उठलंय, म्हणून आम्ही त्याला झोपवून ठेवलंय. आता चोर आला तर भुंकणार कोण? तेव्हा चोराला दारातच येऊ द्यायचं नाही. म्हणजे काय, तर जे खायचं ते तव्यावरून थेट ताटात किंवा उकळत्या पातेल्यातून थेट वाटीत, आणि वाफ दिसली पाहिजे. कच्चं नको, तासन्‌तास ठेवलेलं नको, बाहेरचं पाणी नको. "और बुफे तो बिलकुल नक्को," त्या म्हणाल्या होत्या.

हे मी मन लावून ऐकलं होतं, तरी एकदा फसले. कलबुर्गीला आमच्या एका शिक्षिकेचा निरोपसमारंभ होता, हॉटेलात. मी दह्याकडे बघितलं नाही, कोशिंबिरीकडे बघितलं नाही, फक्त पुलाव घेतला. भांड्यावर झाकण होतं, खाली ज्योत पेटवलेली असते तशी ती असणार असं मी धरून चालले. ज्योत विझली होती. भात कोमट लागला तेव्हा तीन-चार घास पोटात गेले होते. दोन दिवसांनी ताप भरला, मग उलट्या, मग पुन्हा हैदराबाद. डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघत होत्या आणि मी त्यांच्या कपाळाकडे बघत होते. अण्णा पलंगाशेजारी स्टुलावर बसला होता. त्याने एवढंच विचारलं, "पोट दुखायलंय का, माय?" आणि विचारता विचारता त्याचा हात त्याच्या स्वतःच्या कुशीवर गेला, जिथे टाके होते तिथे. त्याला कळलंही नाही. मला मात्र तो हात दिसला, आणि त्या दिवसापासून मी अन्नाला भ्यायला लागले. माझं स्वतःचं काही बिघडलं असतं तर मी इतकी घाबरले नसते. ही वस्तू त्याची होती.

त्या वेळी किडनी वाचली. दुसऱ्यांदा असं चालणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आणि मग अण्णाच्या मुलीचं लग्न ठरलं.

लग्न हुलसूरच्या एका फंक्शन हॉलमध्ये होतं. वर पत्रे, बाहेर ऊन नुसतं फणफणत होतं आणि आत मोठाले पंखे गरम वाराच फिरवत होते. मी सख्खी आत्या, जाणार नाही असं होऊच शकत नव्हतं. आदल्या आठवड्यात मी अण्णाला फोनवर सांगून ठेवलं होतं की माझ्यासाठी काही वेगळं करू नका, आचाऱ्याला सांगून तव्यावरची एक भाकरी आणि उकळतं वरण तेवढं काढून द्या. फोन वहिनीने घेतला. "ताई, तुमच्या जेवणाचं माझ्याकडं लागलं. कुणाचा हात लागू देत न्हाई बगा," ती म्हणाली. मला हायसं वाटलं. तिच्या या वाक्याचा अर्थ मी नीट विचारला नाही.

बुद्धवंदना झाली, मंगल गाथा झाल्या, अक्षतांच्या जागी फुलं उधळली गेली आणि लोक जेवणाकडे वळले. मी भिंतीला लागून एक खुर्ची धरली आणि बुफेवर नजर ठेवून बसले. माझ्यासारखा बुफे कुणी बघत नसेल. लोक पदार्थ बघतात, मी हात बघते. बगारा भाताचा डाव शेजारच्या डालच्याच्या पातळ डाळीत पडला, एका गृहस्थांनी तो बोटांनी बाहेर काढला, बोटं चाटली आणि डाव पुन्हा भातात खोचला. जिलेबीच्या ताटात एका बाईने चार जिलेब्या उलट्यापालट्या करून पाचवी निवडली. मठ्ठ्याच्या पिंपात बर्फाची लादी तरंगत होती, ती कुठल्या पाण्याची आणि कुठल्या रस्त्यावरून ओढत आणलेली, देव जाणे. एकजण शिंकला, तेही कोशिंबिरीकडे तोंड करून, आणि वर स्वतःच "शतायुषी" म्हणाला. भांड्यांखालच्या ज्योती मी मोजल्या नाहीत, पण विझलेल्या जास्त होत्या. सगळे हसत होते, आग्रह करत होते, एकमेकांच्या ताटातलं चाखत होते. इतक्या आनंदात असलेल्या माणसांची भीती वाटावी याची मला लाजही वाटत होती, पण लाज वाटली म्हणून भीती कमी होत नाही.

तेवढ्यात माझी चुलती आली. मन्नाएखेळ्ळीहून आली होती, वय झालेलं, काठी टेकत. एका हातात ताट.

"अशी येगळी कामून बसलीस ग? ये, माझ्याच ताटात दोन घास खा."

"नको काकू, मला बाहेरचं चालत नाही."

"बाहेरचं? हे काय बाहेरचं हाय? आपलीच माणसं, आपलंच लगीन." तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आपल्या माणसांत शिवाशिव करायलीस व्हय?"

तिला टोचायचं नव्हतं, पण मला ते आतपर्यंत लागलं. ते का लागलं हे सांगायचं तर अप्पांचं सांगावं लागेल. अप्पा म्हणजे आमचे वडील. त्यांच्या लहानपणी, आम्ही बौद्ध होण्याआधी, गावातल्या मोठ्या घरी लग्न असलं की आमच्या लोकांना सगळ्यांच्या शेवटी वाढायचे. अंगणाबाहेर, वरून, हात लागणार नाही असं. सगळ्या पंगती उठल्यावर भांड्याच्या तळाशी जे असेल ते. उन्हाळ्यात ते आंबलेलं असायचं. अप्पा म्हणायचे, वासावरून कळायचं, पण भूक असायची. पुढे त्यांचं स्वतःचं घर झालं तेव्हा त्यांनी एक रीत घातली. आमच्याकडे कार्य असलं की पहिल्या भांड्यातलं पहिलं अन्न पाहुण्याला नाही, पुढाऱ्याला नाही. ते घरातल्या आजारी किंवा म्हाताऱ्या माणसासाठी काढून ठेवायचं. ते कुणी चाखायचं नाही, त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि उरलेलं, तळाचं अन्न आमच्या घरात कुणी खायचं नाही, मग कितीही चांगलं असो. अप्पा गेले, रीत राहिली. वहिनी आमच्या घरात आली आणि ती रीत तिने आमच्यापेक्षा कडक पाळली.

हे सगळं मला माहीत होतं. तरी तिच्या फोनवरच्या शब्दांचा आणि या रीतीचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही. तो आला वहिनीने मला नवरीच्या खोलीत बोलावलं तेव्हा.

वहिनी घामाने भिजली होती. मुलगी वाटेला लागेपर्यंत आईबापांनी अन्न घ्यायचं नाही ही आमच्याकडची जुनी चाल, त्यामुळे पहाटेपासून तिच्या पोटात काही नव्हतं. अण्णाच्याही नव्हतं. तिने पलंगाखालून नव्या टॉवेलात गुंडाळलेला एक मोठा स्टीलचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी कधी विसरणार नाही.

"पहाटं पहिला भात उतरवला की काढलंय बगा. सगळ्यांच्या आधी. चाखलं सुदिक न्हाई. दार लावून ठेवलं, चावी कमरेला."

पहाटे. आणि आता दुपार कलायला आली होती. पत्र्याखालची बंद खोली, त्यात टॉवेल, त्यात घट्ट झाकण. तिने झाकण काढलं. आतल्या बाजूने पाणी सुटलं होतं, ते थेंब परत भातावर पडले. बगारा भात, भरलं वांगं, बाजूच्या वाटीत दुधातली गव्हाची गोड हुग्गी, आणि सगळ्यावर कोथिंबीर. वास आला. फार नाही, किंचित, आंबूस. अप्पा म्हणायचे तसाच.

डॉक्टरीणबाईंनी न खायला सांगितलेलं सगळं त्या एका डब्यात होतं. आणि ते मला कुणी दिलं होतं? ऑपरेशनच्या आधी दवाखान्याच्या व्हरांड्यात जी बाई एक शब्द न बोलता बसून राहिली होती, आणि शेवटी ज्या बाईने सही केली, तिने. तिने नको म्हटलं असतं तर अण्णाने दिली नसती, आणि तिला दोष द्यायला माझीही जीभ वळली नसती. तिने हो म्हटलं म्हणून मी तिथे जिवंत उभी होते. डॉक्टरांनी तिला एवढंच सांगितलं होतं, हिला चांगलं, स्वच्छ खायला द्या. आमच्या घरात स्वच्छ म्हणजे कुणाचा हात न लागलेलं, सगळ्यांच्या आधीचं. तिने तिला कळलं त्यातलं सर्वांत स्वच्छ अन्न मला दिलं होतं.

तिने एक घास कालवला. "माझ्या हातानं एक घ्या."

घास माझ्या तोंडापाशी आला. खाल्ला तर अण्णाची किडनी, नाही खाल्ला तर ही बाई. खरं बोलायला एक क्षण लागला असता. नवरीच्या मैत्रिणी होत्या, बायका होत्या, आणि वहिनीचे डोळे होते. मी भ्याले. वहिनीला भ्याले.

"वहिनी, आत्ताच गोळी घेतली. तासभर काही चालत नाही. नंतर खाते."

तिचा हात खाली आला. ती जराशी हिरमुसली. "व्हय का? मग हितंच ठेवते. कुणाला हात लावू देत न्हाई."

डबा पुन्हा पलंगाखाली गेला. मी मनात ठरवलं, खोली रिकामी झाली की गुपचूप उकिरड्यावर ओतायचा आणि डबा धुऊन ठेवायचा. पण लग्नघरात खोली रिकामी होते कधी? मी चारदा जाऊन आले, चारही वेळा कुणी ना कुणी साडी बदलत होतं नाहीतर पोरं निजवत होतं. घरून आणलेली दोन केळी सोलून खाल्ली, उकळून आणलेलं पाणी प्यायले. मग पाठवणीची गडबड उडाली. अण्णाला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, ऑपरेशनच्या वेळीसुद्धा तो रडला नव्हता. पोरगी गाडीत बसली, गाडी भालकीच्या रस्त्याला लागली, मीही रडत होते. आणि त्या रडण्यात डबा माझ्या डोक्यातून गेला.

तोंड धुऊन मी मागच्या दाराला आले. आचाऱ्याची माणसं उरलेला भात एका घमेल्यात खरवडत होती. हॉलच्या पायऱ्यांवर अण्णा बसला होता, पागोटं काढून बाजूला ठेवलेलं, मांडीवर डबा. टॉवेल मी ओळखला.

तो जेवत होता.

सगळं मला एकदम कळलं. मी खाल्लं नाही, वहिनीने बघितलं, बुफेत आता तळाचंच राहिलं होतं आणि तळाचं आमच्याकडे कुणी खात नाही. मग पहाटेपासून उपाशी असलेल्या नवऱ्याला ती दुसरं काय देणार? दिवसभर मी माझ्या पोटातली किडनी सांभाळत फिरत होते. त्याच्या पोटात एकच उरलीय हे दिवसभरात मला एकदाही आठवलं नाही. त्याला जुलाब लागले, अंगातलं पाणी गेलं आणि ती एक थकली, तर त्याला द्यायला कुणाकडे काय आहे? माझ्याकडे तर त्याचीच आहे.

मी धावले. त्याचा पुढचा घास ओठांशी होता. मी डब्यावर हात मारला. डबा पायऱ्यांवरून खणखणत खाली गेला, भात, वांगं, हुग्गी सगळं मातीत. हॉलमधून माणसं बाहेर आली. लग्नाच्या दिवशी भावाच्या मांडीवरचं अन्न बहिणीने उधळलं होतं. चुलती काठी घेऊन दारात उभी होती.

"किती खाल्लास?" मी ओरडले. "अण्णा, किती खाल्लास?"

"काय झालं ग?"

"आंबलंय ते! पहाटेचं आहे! वास नाही आला तुला?"

तो मातीतल्या भाताकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आला की. जरा आंबूस लागलं." त्याने दाराकडे बघितलं, तिथे वहिनी उभी होती. "तिनं काढून ठेवलेलं. टाकू कसं?"

म्हणजे त्यालाही कळलं होतं. त्यालाही तोंड उघडवलं नव्हतं. भाऊबहीण दोघं शोभतो.

वहिनी पायऱ्या उतरून आली. तिने खाली वाकून भात चिमटीत घेतला आणि हुंगला. मग माझ्याकडे बघितलं. "तुमाला मगाशीच कळलं व्हतं."

"हो."

"मग बोलला कामून न्हाई?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. भ्याले मी."

"मला भ्याला?" तिचा आवाज चढला. ती माझ्याशी इतक्या वर्षांत एकदाही वरच्या आवाजात बोलली नव्हती. "मला वाईट वाटल म्हणून भ्याला? ताई, तुमच्या दोघांत मिळून दोनच हायत. दोनच! भ्या काय असतंय ते मला इचारा की."

ती तिथेच पायरीवर बसली आणि पदराने तोंड झाकून घेतलं. मी तिच्या शेजारी बसले. अण्णा मधे उभा राहून "काई होत न्हाई, काई होत न्हाई" म्हणत होता आणि त्याचं कुणीच ऐकत नव्हतं.

आचाऱ्याची चूल अजून विझली नव्हती. वहिनीने पाणी उकळायला ठेवलं, त्यात मीठसाखर घातली आणि अण्णाला समोर बसवून प्यायला लावलं. मी हैदराबादला फोन लावला. डॉक्टरीणबाई त्याला काही झालं तर लगेच घेऊन या म्हणाल्या, आणि पाणी कमी पडू देऊ नका. तेवढंच. बाकी वाट बघायची होती. मला बसवकल्याणला परत जावं लागलं, गोळ्या घरी होत्या. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि माझा हात सारखा माझ्या कुशीवर जात होता, उजव्या बाजूला. हे माझ्या शेजारच्या बाईने सांगितलं. "पोट दुखतंय का हो?" असं तिने विचारलं तेव्हा मला रडूच आलं.

कलबुर्गीच्या वेळी माझा ताप दोन दिवसांनी आला होता. म्हणजे आताही दोन दिवस बघायचे होते, आणि ते मी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. सकाळ-संध्याकाळ फोन करायचे. अण्णा घ्यायचा आणि "बरा हाय" म्हणायचा, पण तो मरणाच्या दारातही तेच म्हणाला असता, त्यामुळे माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. शाळेत फळ्यावर मी एकच ओळ दोनदा लिहायचे. पोरं एकमेकांकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते आणि फोन वाजला. नाव वहिनीचं होतं. वहिनी सकाळी फोन करत नाही, तिला त्या वेळी डोकं वर काढायला फुरसत नसते. फोन वाजत राहिला आणि मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. माझ्याच्याने तो उचलवेना. वाजून वाजून बंद पडला. परत वाजला. तोवर चहा उतू गेला होता. मी गॅस बंद केला आणि फोन कानाला लावला.

पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"ताई?" वहिनी म्हणाली. "जेवायलेत. समोर बसवलंय." मग लगेच, "तव्यावरची हाय. वाफ बगूनच वाढलीय."